दुसरा ओटीपी

पिरंगुट
९ सप्टेंबर २०२४

उज्वला,

फोन लावला की एक बाई सांगते, आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता ते दुसऱ्या कॉलवर आहेत. सलग बारा दिवस तू दुसऱ्या कॉलवर. मला आधी वाटलं, डब्यांचा धंदा फार वाढला. मग सायलीने तिच्या सासरहून सांगितलं, "बाबा, आत्याने तुम्हाला ब्लॉक केलंय." म्हणून हा कागद. कासारसाईला पोस्टमन अजून येतो असं ऐकून आहे. कागद ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडायच्या आधी वाच.

मी वकील नाही. लोकांचे रिटर्न भरून देतो, तरी पिरंगुटात सगळे मला वकीलसाहेब म्हणतात. तेव्हा जरा वकिलासारखंच सांगतो.

जूनमध्ये तू विचारलं होतंस, "दादा, तुझं बँकेचं थकलंय आणि मी जामीन आहे. माझा रिफंड कुणी मधल्या मधे उचलणार नाही ना?" मी म्हणालो होतो, आयकराच्या रिफंडला कुणाचा बाप हात लावू शकत नाही. आजही तेच म्हणतो. पैसे आयकर खात्याकडे असतात तोवर कुठलीही बँक किंवा सावकार तिथे जाऊन "ही आमची जामीनदार, तिचे आम्हाला द्या" असं म्हणू शकत नाही. आयकर खात्याचं स्वतःचं जुनं येणं असेल तर ते वळतं करून घेतात, तेही आधी कळवून. तुझं तसलं काही नव्हतं. रस्त्यात गेलेल्या आपल्या जमिनीच्या मोबदल्यातून तुझ्या हिश्श्याचे दहा टक्के कापले होते, दोन लाख चाळीस हजार. बाकीच्या साडेएकवीस लाखांचा चेक तू मला लिहून दिलास आणि ठरलं, की कापलेलं परत आलं तर ते तुझं. मी रिटर्न भरला. सरकारने सगळे परत केले, वर सहा हजार व्याज दिलं. सरकारचं काही चुकलं नाही, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे.

चुकली ती आपली गावची बँक. अठ्ठावीस ऑगस्टला सकाळी पैसे तुझ्या खात्यात आले आणि दुपारच्या जेवणाआधी भाड्याच्या खोल्यांसाठी काढलेल्या माझ्या कर्जात वळते झाले. दुसऱ्या दिवशी तू पासबुक भरायला गेलीस, तर शिल्लक चारशे बारा रुपये.

मी हे सोडणार नाही. दसऱ्यापर्यंत माणला खानावळीसाठी ठरवलेल्या गाळ्याचं दोन लाख डिपॉझिट तुला भरायचंय, हे माझ्या लक्षात आहे. तोवर जाऊबाईंना सांग, मागच्या पडवीतली तुझी शेगडी अजून महिनाभर सोसा. तीस डब्यांच्या फोडणीने कुणी मेल्याचं ऐकिवात नाही.

रिटर्न भरला तो दिवस आठवतो. तू तिकडे भाकरी थापत होतीस, पिठाच्या हाताने फोन धरून मला ओटीपी वाचून दाखवलास. थोड्या वेळाने मी दुसरा मागितला. "दुसरा कशाला रे?" म्हणालीस. मी म्हणालो, सरकारचं एकाने भागत नाही. केवढी हसली होतीस.

आई विचारते, उजी कधी येतीय. मी सांगतो, कामात आहे.

कैलासरावांना नमस्कार.

तुझा
दादा


पिरंगुट
२८ सप्टेंबर २०२४

उज्वला,

पहिलं पत्र फाडलंस की ठेवलंस, कळायला मार्ग नाही. परत आलेलं नाही, एवढीच प्रगती.

बँकेत जाऊन आलो. मॅनेजर दादासाहेब, म्हणजे आपल्या शाळेत माझ्यामागे दोन वर्षं होता आणि गणितात कायम नापास व्हायचा तोच. आता लोकांच्या व्याजाचं गणित करतो. मी खुर्ची ओढली आणि म्हणालो, "दादासाहेब, रिफंड म्हणजे सरकारचा पैसा. त्याला हात कसा लावला?"

तो चहा ढवळत म्हणाला, "वकीलसाहेब, सरकारचा व्हता तवर आमी लावला का? खात्यात आला, ताईंचा झाला. ताई जामीन. मंग आमचा झाला."

"कुठल्या नियमाने?"

त्याने तुझं जामीनखत काढून माझ्यापुढे सरकवलं. कलम एकोणीस. जामीनदाराच्या कोणत्याही खात्यात जमा होणारी कोणतीही रक्कम बँकेस वळती करून घेता येईल. मी लोकांना कायम सांगतो, सही करण्याआधी वाचा. हे कलम मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. खाली तुझी सही होती, हस्ताक्षराचं बक्षीस मिळवणाऱ्या मुलीची. त्या दिवशी मी तुला गाडीतून नेलं होतं, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं होतं आणि येताना उसाचा रस पाजला होता. जामीन व्हायचं तर सभासद व्हावं लागतं, सभासद व्हायचं तर खातं काढावं लागतं, म्हणून तिथे तुझं खातं. नाहीतर तुझा आणि त्या बँकेचा संबंध काय?

मी आवाज चढवला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. दादासाहेब शांतपणे म्हणाला, "तुमी आमच्यावर वरडू नका. खोल्यांना कुलूप लागायचं टळलं ते कुणामुळं?" मग तो आणखीही काही बोलला. ते इथे लिहिण्याजोगं नाही.

तर कायद्याने आपली बाजू थोडी अवघड आहे. पण मी वर, बँकेच्या मुख्य कार्यालयात, अर्ज करतोय. अर्जाचा मसुदा फार झकास झालाय, तुला वाचून दाखवला असता.

गाळ्याच्या मालकाला फोन करून आठ दिवसांची मुदत माग. नाही म्हणाला तर माझं नाव सांग. त्याचे तीन वर्षांचे रिटर्न मी भरलेत.

दादा


पिरंगुट
१३ ऑक्टोबर २०२४

उज्वला,

काल दसऱ्याला माणकडे गेलो होतो. त्या गाळ्याला झेंडूचं तोरण होतं आणि आत मोबाईलची कव्हरं टांगलेली. नवीन दुकानदार पेढे वाटत होता. मला काही माहीत नसल्यासारखा मी एक पेढा घेतला आणि खाल्लाही.

मालकाने तुला मुदत दिली नाही म्हणे. माझं नावही सांगितलं नसशील. सांगितलं असतंस तरी त्याने दिली नसती, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

मोरीपासून गिऱ्हाइकांच्या बाकापर्यंत तू तो गाळा मला फोनवर तीनदा मांडून दाखवला होतास. चूल भिंतीकडे नको, दाराकडे हवी, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला वास जातो. पंखा कुठे, पाण्याचा पिंप कुठे. मोबाईलवाल्याने पिंपाच्या जागी आरसा लावलाय.

आता एक गोष्ट लिहितो. खातेक्रमांक टाकताना माझ्याकडून चूक झाली. तू मला हिंजवडीच्या बँकेतलं खातं दिलं होतंस, ज्यात तुझ्या डब्यांचे पैसे येतात. मी भरभर भरत होतो, एकतीस जुलै होती, शेवटची तारीख, दारात पन्नास माणसं. गावच्या बँकेचं खातं पडलं. माणूस आहे, चूक होते. आणि खरं सांगू का, तूही एकदा विचारायला हवं होतंस, दादा, खातं कोणतं टाकलंस? एवढे डबे मोजतेस, तीस गिऱ्हाइकांचे हिशोब तोंडपाठ, आणि स्वतःच्या पैशाच्या वेळी दादावर टाकून मोकळी.

हे वाक्य लिहून झाल्यावर खोडावंसं वाटलं. पण खोडलेलं पत्र तू आणखी लक्ष देऊन वाचशील, लहानपणापासूनची तुझी खोड. राहू दे.

वर केलेल्या अर्जाला उत्तर आलं. दोन ओळी. अर्ज चार पानांचा होता.

दादा


पिरंगुट
४ नोव्हेंबर २०२४

उज्वला,

काल भाऊबीजेला तू आली नाहीस. मी पाट मांडला नव्हता, तरी हिने तो धुऊन दारामागे उभा करून ठेवला होता. संध्याकाळी तिने तो कोरडा करून पुन्हा माळ्यावर टाकला. काही बोलली नाही. आमच्या घरात सध्या न बोलण्याची फॅशन आहे.

आई मात्र गेली तुझ्याकडे. सकाळी लुगडं नेसून, डब्यात करंज्या भरून, मला न विचारता दोन बस बदलून. त्र्याहत्तर वर्षांची बाई. मला वाटलं, देवळात गेलीय. परत आली तेव्हा अंधारून आलं होतं. ओट्यावर बसून तिने आधी पायातली चप्पल काढली, मग पाणी मागितलं, मग म्हणाली, "उजी न्हाई घरी. बावधनला जाते कामाला. कुणाच्यातरी खानावळीत सैपाक करते. पहाटं जाती, सांजच्याला येती. जावंनं पडवी घेतली, तिकडं आता तिच्या नातवाचा पाळणा हाय."

मी म्हणालो, मग भेटली की नाही?

"भेटली तर. सनाची दुपारीच आली ती, मंग बसच्या टायमापर्यंत बसले. माजं डोकं इंचरलं तिनं."

मी विचारलं, माझ्याबद्दल काय बोलली? आई म्हणाली, "वाईट बोलली न्हाई. तुजं नावच काढलं न्हाई तिनं."

आणि थोड्या वेळाने, करंज्यांचा रिकामा डबा हिच्या हातात देताना, जसं काही बाजारातलं सांगतेय: "येवढं म्हनली, आई, दुसरा कशाला म्हनून मी इचारलं व्हतं त्याला. तेवढं मी इचारलं व्हतं."

मला वाटलं होतं, 'तूही विचारायला हवं होतंस' असं लिहिलेलं माझं ते पत्र तुझ्यापर्यंत पोचलं नसावं. पोचलं होतं.

इंद्रजित


पिरंगुट
१९ जानेवारी २०२५

उज्वला,

गुरुवारी मी बावधनला तुझ्या खानावळीत येऊन जेवलो. तुझी म्हणजे तू जिथे चाकरी करतेस ती. हे तुला माहीत आहे, मला वाढलंस तूच. तरी पहिलं वाक्य ते लिहितो, कारण आता जे लिहायचंय त्याची सुरुवात मला दुसरीकडून कुठूनच जमत नाही. तीन पत्रं लिहून फाडली. चौथं हे.

खातेक्रमांक टाकताना माझी चूक झाली नव्हती.

गेल्या जुलैमध्ये दादासाहेब घरी आला होता. सात हप्ते थकलेले. खोल्यांना पंधरा ऑगस्टच्या आत कुलूप लावणार आणि बँकेच्या फळ्यावर कर्जदार, जामीनदार, सगळ्यांची नावं लावणार, असं सांगायला. ज्या फळ्यासमोर उभं राहून मी लोकांची नावं वाचून हसायचो तोच फळा. मी त्याला म्हणालो, थोडं थांब. त्याने विचारलं, "कुटून यायचं हाय का काही? ताईंच्या खात्यात?" मी म्हणालो, येईल.

बँकेत तो जे बोलला आणि मी लिहिण्याजोगं नाही म्हणून टाळलं, ते हे होतं: "तुमीच तर म्हनला व्हता, ताईंच्या खात्यात येईल."

एकतीस जुलैला पहिल्या ओटीपीने तुझा रिटर्न पूर्ण झाला. खातं तू दिलेलं, हिंजवडीचंच होतं. तिथे काम संपलं होतं, उज्वला. दारात पन्नास माणसंही नव्हती. रिटर्न भरायला आलेला कुशाबा तेवढा बसला होता, तोही डुलक्या घेत. दुसरा ओटीपी मी मागितला तो रिफंडचं खातं बदलायला. तू विचारलंस कशाला, आणि मी विनोद केला. तू हसलीस, सहा आकडे वाचलेस, चार म्हणताना मधेच कुणालातरी "तवा उतरव गं" म्हणालीस आणि परत पहिल्यापासून वाचलेस, माझी चूक होऊ नये म्हणून.

त्या आकड्यांचा जीव पंधरा मिनिटांचा असतो. मग ते बाद होतात. मी ते कागदावर लिहून समोर ठेवले आणि चौदा मिनिटं नुसता बसलो. कुशाबाला काही कळलं नाही. मी स्वतःला समजावत होतो, दसऱ्याच्या आत कुठूनही दोन लाख उभे करून देऊ, भाडेकरूंची डिपॉझिटं घेऊ, गाडी विकू. गाडी अजून दारात आहे. चौदाव्या मिनिटाला मी आकडे टाकले. एक मिनिट आणखी बसून राहिलो असतो, तर तुझा गाळा तुझा असता.

कायद्याचं मी तुला खरंच सांगितलं होतं. आयकर खात्याच्या दारातून तुझा पैसा कुणी उचलू शकत नव्हतं. त्याला हात धरून बँकेच्या दारात नेणारा कुणीतरी लागत होता.

तुझ्या साडेएकवीस लाखांचं काय झालं, हे तू कधी विचारलं नाहीस. वरचा मजला आणि सायलीच्या लग्नाचा लॉन. बाराशे पानांची पंगत. बहिणीने माहेरच्या जमिनीचं घेऊ नये, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं, तुलाही माहीत होतं. भावाने किती घ्यावं हे मात्र कुणी सांगितलेलं नाही. चेक दिलास त्या दिवशी आईने तुझी ओटी भरली आणि मी पैठणी म्हणून जी साडी दिली ती पंधराशेची होती. दुकानदाराने डबा पैठणीचा दिला. तू ती सायलीच्या लग्नात नेसलीस. तुला कळलं असणार. बायकांना बोट लावलं की कळतं.

आज खोल्यांना कुलूप नाही. सहाही भरलेल्या आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडेकरू पैसे आणून देतात आणि "थँक्यू अंकल" म्हणतात.

सोबत एक कागद जोडला आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर, पौडला नोटरी करून. त्यात लिहिलंय की मी, इंद्रजित, तुला न सांगता तुझ्या रिफंडचं खातं बदललं, तारीख, वेळ आणि दोन्ही खातेक्रमांकांसह. नोटरीने दोनदा विचारलं, "नक्की ना? हा कागद तुमच्याच विरुद्ध जाईल." मी म्हणालो, त्यासाठीच करतोय. तू माझ्यासाठी दोन सह्या केल्यास, एक जामिनाची आणि एक चेकवर, दोन्ही न वाचता. ही माझी एक, मी वाचून केलेली. वकिलाला दाखव, पोलिसांत दे, कैलासरावांना दे, पेटीत ठेव. काहीही केलंस तरी मी का केलंस म्हणणार नाही. शिवाय खालच्या दोन खोल्यांचं भाडं पुढच्या महिन्यापासून तुझ्या हिंजवडीच्या खात्यात येईल. भाडेकरूंना क्रमांक मी कागदावर लिहून दिलाय आणि त्यांच्याकडून परत वाचून घेतलाय. यातून गाळा मिळत नाही, मला माहीत आहे. तसले गाळे आता चार लाखांखाली नाहीत.

आता गुरुवारचं.

मी कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. फळ्यावर लिहिलं होतं: थाळी ऐंशी, एक्स्ट्रा भाकरी पंधरा. अक्षर तुझं. तू आलीस, ताट ठेवलंस, इतरांपुढे ठेवतेस तसंच. मी "उजे" म्हणालो. तू पाणी आणायला गेलीस. मग पिठलं आलं, ठेचा आला. दोन भाकरी संपल्यावर मी ताट पुढे ढकलणार, तेवढ्यात तू तिसरी टाकलीस आणि पुढच्या बाकाकडे गेलीस. मी मागितली नव्हती.

पैसे देताना मी शंभराची नोट दिली. गल्ल्यात सुट्टे नव्हते. मी म्हणालो, राहू दे. तू बाहेर गेलीस, शेजारच्या पानवाल्याकडून सुट्टे करून आणलेस आणि दहाच्या दोन नोटा माझ्यासमोर टेबलावर ठेवल्यास. म्हणालीस, "वीस राहिले." पाच महिन्यांत ऐकलेले तुझे ते दोन शब्द. मग पुढच्या गिऱ्हाइकाचं ताट उचललंस.

चांदणी चौकात बसची वाट बघत उभा असताना मी हिशोब केला. सवय. थाळी ऐंशी, भाकरी पंधरा, एकूण पंच्याण्णव. मला पाच परत यायला हवे होते, तू वीस दिलेस. तुझा हिशोब कधी चुकलेला मला आठवत नाही.

ते पंधरा रुपये तुझे माझ्याकडे आहेत. चुकून राहिले असतील तर आईकडे निरोप दे, आणून देतो. चुकून राहिले नसतील, तर काहीच कळवू नकोस.

आई रविवारी तुझ्याकडे येईल. बसची पायरी उंच असते, तिला हात दे.

इंद्रजित